सदिच्छा भेट

अत्तारबाईंना वाक्यात कर्ता लागायचा. कर्ता नसलेलं वाक्य कानावर आलं की जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा, आणि मग एकच शब्द यायचा: "कोणी?"

नाशिकच्या सातपूर भागातल्या आमच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि वरच्या वर्गांना मराठी शिकवायच्या. मी गणिताची. बाई आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी 'अहो गणित', शेजारचे सर 'अहो भूगोल'. शाळेतली बहुतेक मुलं कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांची. आई सेकंड शिफ्टला, बाप नाईटला, आणि पोरगं दिवसभर आमच्याकडे. एकदा सातवीतल्या एका पठ्ठ्यानं चेंडूनं खिडकीची काच फोडली आणि 'चेंडू लागून काच फुटली आहे, तरी क्षमा असावी' असा अर्ज आणून दिला. बाईंनी विचारलं, चेंडू स्वतःच्या पायांनी गेला होता का? पोरगं परत गेलं, 'काच फोडली गेली' असं लिहून आलं. पुन्हा परत. अखेर 'मी काच फोडली' असं लिहून आणलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं. जा, खेळ." शिक्षा नाही, दंड नाही. नाव आलं की बाईंचा राग तिथंच संपायचा.

त्या मूळच्या येवल्याच्या. वडील पैठणी विणायचे. पदर बघून तो कोणाच्या हातचा आहे हे सांगणारी माणसं आमच्या गल्लीत होती, असं त्या सांगत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ व्हायचा. बाकी घरचं फारसं बोलत नसत. सुती साडी, खांद्यावर भलीमोठी सेफ्टी पिन, तोंडात लवंग, आणि हिवाळ्यातसुद्धा हातात छत्री. शाळा तपासायला आलेले एक साहेब कौतुकानं म्हणाले होते, "अत्तार असून तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता!" बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकं अशुद्ध कसं बोलता ते आधी सांगा." आम्ही फळ्याकडे तोंड करून हसलो. साहेबही हसले, पण शाळेचा शेरा त्या वर्षी 'समाधानकारक'च्या वर गेला नाही.

आमच्या संस्थेचे सचिव परिपत्रकं पाठवायचे. 'सर्व शिक्षकांना सूचित करण्यात येते की...' बाई त्यावर लाल शाईनं 'कोणाकडून?' असं लिहून परत पाठवायच्या. सुरुवातीला सचिवांनाही गंमत वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

आता टाकीबद्दल सांगायला हवं. टाकी आजही उभी आहे, रोज भरते, रोज रिकामी होते. ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीला लागूनच ही पाण्याची उंच टाकी. त्या बाजूचे तीन वर्ग दुपारी टाकीच्या सावलीत असायचे, म्हणून उन्हाळ्यात त्या वर्गांसाठी मुलांची भांडणं व्हायची. पाणी चढायला लागलं की खांबांतून एक घरघर यायची. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच आमचं लक्ष जायचं. टाकीच्या पोटावरून एक ओली रेघ खाली आली होती. दगाभाऊ, आमचा शिपाई, सटाण्याकडचा. तो रोज सकाळी पश्चिमेच्या खिडक्यांच्या कठड्यावरचे सिमेंटचे कण झाडायचा. एक दिवस सुपली घेऊन तो थेट ऑफिसात आला आणि म्हणाला, "बाई, काल परीस आज जास्त शे." बाईंनी सुपलीतला एक खडा उचलून बोटांत दाबला. त्याचं पीठ झालं.

त्यानंतर काही दिवसांनी ते लोक आले. दोन गाड्या. पहिलीतून टाकीच्या कार्यालयाचे साहेब उतरले, दुसरीतून तिघं अनोळखी, हातात हातोडे आणि यंत्रं. बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ आहेत एवढं आम्हाला कळलं. त्यांना आमच्या गच्चीची चावी हवी होती. अर्धा दिवस ते खांबांवर ठोकत होते, भोकं पाडून आतल्या काँक्रीटचे तुकडे काढत होते. आम्ही त्यांना चहा दिला. त्यातले वयस्कर गृहस्थ, पांढऱ्या मिशांचे, कप हातात घेऊन व्हरांड्यात उभे होते आणि पश्चिमेच्या वर्गातली पाढे म्हणणारी मुलं बघत होते. चहा त्यांनी प्यायलाच नाही. निघताना बाईंजवळ थांबून म्हणाले, "बाई, या बाजूचे वर्ग वापरू नका. टाकी भरलेली असताना तर अजिबात नको."

कार्यालयाच्या साहेबांनी त्यांच्या कोपराला हात लावला. सगळे गाडीत बसले. साहेबांनी काच खाली करून आम्हाला नमस्कार केला, जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत बाईंनी तिन्ही वर्गांना कुलूप लावलं. पूर्वेकडच्या खोल्यांत दोन दोन वर्ग एकत्र बसवले. मी आठवीला समीकरणं शिकवत असताना माझ्या पाठीमागे पाचवी कविता म्हणायची. शिक्षक वैतागले, मीही वैतागले. सचिवांचा फोन आला. त्यांनी विचारलं, वर्ग बंद करायला सांगितलं कोणी?



आयुष्यभर साऱ्या जगाला "कोणी?" विचारणाऱ्या बाईंनी त्या माणसाचं नाव विचारलं नव्हतं. इतकी मोठी गोष्ट इतक्या साध्या शब्दांत कानावर आली की नाव विचारायचं राहून गेलं, असं त्या नंतर मला म्हणाल्या. आठवडाभर त्या स्वतःवर चिडलेल्या होत्या. मी चेष्टेनं म्हटलं, बाई, लाल शाई कुठाय? त्या हसल्या नाहीत. मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. वर दहा रुपयांचं तिकीट आणि खाली दोनच प्रश्न: त्या दिवशी टाकी पाहायला बाहेरून कोण कोण तज्ज्ञ आले होते, आणि त्यांच्याशी झालेल्या बैठकीत त्यांनी काय सांगितलं? बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी. मी म्हटलं, एवढं साधं? त्या म्हणाल्या, सरकारी कागद आपलेच असतात, फक्त मागावे लागतात. हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या.

उत्तर यायला वेळ लागला. त्याआधी टाकीला रंग लागला. एका सकाळी परांची-दोरखंड घेऊन माणसं आली आणि ओली रेघ, तडे, भोकं बुजवलेल्या जागा, सगळं फिकट निळ्या रंगाखाली गेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी जपून वापरा. मुलांना नवी टाकी फार आवडली. दगाभाऊच्या सुपलीत आता निळे कण यायला लागले.

मग उत्तर आलं. एका ओळीचं. 'सदर दिनांकास कोणतीही बैठक आयोजित करण्यात आलेली नाही, सबब माहिती निरंक.' बाईंनी ते मला वाचून दाखवलं, 'निरंक' हा शब्द दोनदा. निरंक म्हणजे शून्य, तुमचाच विषय की हो गणित, असं म्हणून त्यांनी अपील लिहायला घेतलं.

अपिलाच्या सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. साहेब तेच होते, नमस्कार करणारे. माणूस वागायला अतिशय गोड. आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, पंखा वाढवायला सांगितला. म्हणाले, तुमचा गैरसमज झालाय. बैठक म्हटलं की विषयपत्रिका आली, हजेरी आली, इतिवृत्त आलं, मग ते कोणीही मागू शकतं. म्हणून बाहेरची विद्वान मंडळी येतात तेव्हा आम्ही बैठक ठेवतच नाही.

"मग काय ठेवता?" बाईंनी विचारलं.

"ती सदिच्छा भेट होती."

"सदिच्छा कोणाची?"

साहेब हसले. ते म्हणाले, मोकळेपणानं सल्ला मिळायचा तर कागद नको असतो, लोक घाबरतात. पूर्वी आम्हीही सगळं लिहून ठेवत होतो. पण अर्ज यायला लागले, तेव्हापासून ही पद्धत पडली. बाईंनी विचारलं, कोणी पाडली? साहेबांनी बशीतलं बिस्कीट बाईंच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "तुमची निवृत्ती जवळ आलीय ना? पेन्शनचे कागद फार किचकट असतात. एखादी सही राहिली की वर्षानुवर्षं फिरत राहतात. आमच्याकडून तुम्हाला शुभेच्छा आहेत."

जिना उतरताना बाईंनी माझा दंड धरला.  त्यांच्या छत्रीला बोट लावायचीसुद्धा कोणाला परवानगी नव्हती, आणि त्या दिवशी बाई ती साहेबांच्या खोलीतच विसरल्या. परत आणायलाही गेल्या नाहीत.

तो माणूस आम्ही शोधला. शाळा सुटल्यावर माझ्या मोबाइलवर इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापकांचे फोटो एकेक करून बघायचो. बाई चष्मा कपाळावर चढवून मान हलवायच्या, नाही, नाही, पुढे. एका संध्याकाळी त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. मिशा काळ्या होत्या, फोटो जुना असणार, पण माणूस तोच. कॉलेज नाशिकच्या बाहेरचं. तिथून नंबर मिळवला आणि बाईंनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. नाव सांगितलं, शाळा सांगितली. 

"मुलं अजून तिथंच बसतात?" त्यांनी पलीकडून विचारलं.

बाई म्हणाल्या, वर्ग मी बंद ठेवलेत, पण ते कोणाच्या सांगण्यावरून, हे मला दाखवता येत नाही. तुम्ही सांगितलेलं कागदावर नाही.

"मी लेखी दिलंय, बाई. त्याच आठवड्यात. स्पष्ट दिलंय." मग म्हणाले, "प्रत माझ्याकडे ठेवायची नाही असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं?"

"या नंबरवर पुन्हा फोन करू नका," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. घाबरलेल्या माणसाचा आवाज मला ओळखता येतो, तसा होता तो. मला त्यांचा संताप आला आणि दयाही आली, अजूनही दोन्ही येतात.

बाईंनी दुसरं अपील केलं, माहिती आयोगाकडे. तिथली रांग मोठी. मधल्या काळात शाळेच्या फाटकासमोर एक पांढरी गाडी थांबायला लागली. कोणी उतरायचं नाही, कोणी काही बोलायचं नाही. दगाभाऊनं एकदा काचेवर टकटक करून विचारलं, कोण पाहिजे? आतला माणूस म्हणाला, कोणी नाही, सहज थांबलोय. बाई घरी जायला निघाल्या की गाडीही निघायची. आम्ही त्यांना एकटं सोडेनासे झालो. पण कॉलनीच्या वळणावर त्या आम्हालाच परत पाठवायच्या.

बाईंनी पालकांची सभा बोलावली, तिथेही त्यांचीच बाजू लंगडी पडली. गॅसकेटच्या कारखान्यात जाणारी एक आई उभी राहून म्हणाली, "बाई, साहेब लोक म्हणतात काय नाय, तुम्ही म्हणता हाय. कागद कोणाकडंच नाय. आम्ही कोणाचं ऐकायचं? एका खोलीत दोन वर्ग, पोरगं काय शिकतंय तेच कळंना." बाई म्हणाल्या, माझं ऐका. ती म्हणाली, तुमचंच ऐकलं असतं, पण दुसरी शाळा लांब पडती आणि मला सेकंड शिफ्ट हाय. चार-पाच जणांनी मुलांचे दाखले काढून नेले. बाकीच्यांची मुलं राहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सचिव स्वतः आले, बरोबर ते साहेब. वर्ग उघडा, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. शेजारी कोरा कागद ठेवला आणि त्यावर पेन.

म्हणाल्या, आत्ता उघडते, दगाभाऊ दारातच उभा आहे. फक्त तुमच्यापैकी एकानं एवढं लिहा: 'हे वर्ग सुरक्षित आहेत असं मी सांगतो.' खाली नाव आणि सही.

सचिवांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. म्हणाले, असं 'मी' वगैरे लिहायची पद्धत नसते, 'सुरक्षित असल्याचे आढळून आले आहे' असं लिहू का? बाई म्हणाल्या, नाही. मग सचिव म्हणाले, साहेब, तुमचं खातं आहे. साहेब म्हणाले, इमारत तुमची आहे. बाहेर टाकी भरत होती. मी दाराशी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. तोवर मला थोडी शंका होती, खोटं कशाला बोला. बाई हट्टाला पेटल्यात, जुन्या बांधकामात एवढं तेवढं चालायचंच, असंही कधी मनात यायचं. त्या दिवशी ती शंका गेली. दोघांनाही ठाऊक होतं. पेन तिथंच ठेवून ते निघून गेले, चाव्याही तिथंच राहिल्या.

मेअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ छोटासाच झाला. सचिव आले नाहीत. बाईंनी भाषण केलं नाही, फक्त येवल्याहून आणलेला पेढा प्रत्येकाच्या हातावर ठेवला. नव्या मुख्याध्यापकांना त्यांनी बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. दोन मुली लग्नाच्या होत्या आणि मुख्याध्यापकपद अजून कायम व्हायचं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सूचनाफलकावर कागद लागला होता: 'पश्चिमेकडील तीनही वर्ग वापरात आणण्यात आले आहेत.' खाली सही नव्हती, संस्थेचा शिक्का होता. त्याच आठवड्यात माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला, संस्थेच्या सटाण्याच्या शाळेत, प्रशासकीय कारणास्तव. कारण विचारायला मी गेले नाही. दगाभाऊ म्हणाला, आमना गाव चांगला शे, मॅडम, काळजी करू नका.

बाई दुसऱ्या सोमवारी आल्या. तिसरीला शिक्षक नव्हता, जागा दोन वर्षं रिकामी होती. मी फुकट शिकवते, असं त्यांनी नव्या मुख्याध्यापकांना सांगितलं. फुकट शिकवणाऱ्याला कोण नाही म्हणणार? वर्ग मात्र मीच निवडणार, एवढी एकच अट. त्यांनी पश्चिमेचा मधला वर्ग घेतला, टाकीला सर्वांत जवळचा. मी त्यांच्याशी भांडले. तुमचं काम झालं, अपील चालू आहे, आता घरी बसा, तुम्ही तिथं बसून टाकी थांबणार आहे का, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मुलं बसणारच आहेत, अहो गणित. मग हे माहीत असलेलं कोणीतरी त्यांच्याबरोबर नको?"

सटाण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला शाळेत गेले. दुपार होती. आमच्या शाळेत मुलं वर्गाबाहेर चपला काढून आत बसतात. व्हरांड्यात प्रत्येक दारापुढे चपलांची ओळ होती, फक्त मधल्या वर्गापुढे एकही चप्पल नव्हती. मला वाटलं, बाईंनी वर्ग सोडला, देव पावला. बरं वाटून मी आत डोकावले.

वर्ग भरलेला होता. सगळे बाक दाराकडे ओढून घेतले होते, इतके जवळ की शेवटच्या रांगेच्या पाठी दाराच्या चौकटीला लागत होत्या. खिडकीकडची अर्धी खोली मोकळी होती, आणि तिथं, खिडकीला पाठ लावून, बाई खुर्चीवर बसून शुद्धलेखन सांगत होत्या. मागे निळी टाकी. तेवढ्यात खांबांतून घरघर सुरू झाली. बाईंनी बोलणं थांबवलं. तिसरीतली पोरं, पण एकही हसलं नाही की बोललं नाही. सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई मान थोडी तिरपी करून ऐकत होत्या. मग त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं आणि माना पुन्हा खाली गेल्या.

मी हाक मारली नाही. मला बाकांखाली दिसलं: प्रत्येक मुलाच्या पायात चपला होत्या, बंद लावलेल्या. बाईंनी मात्र आपल्या काढून खिडकीखाली नीट जोडून ठेवल्या होत्या.